देवगांडुळाची ओळखखूण

हरवलेल्या वस्तू शोधून देण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी आज पंचाहत्तरीतही छातीठोकपणे सांगते. बस आगारातल्या हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खिडकीत मी सव्वीस वर्षं काढली. मागायला येणाऱ्याने ओळखखूण सांगायची, मग मी वस्तू द्यायची, असा नियम. नियमात न बसणारी एक युक्तीही मला लवकरच साधली होती. कुणाची काळी छत्री नाहीच सापडली, तर फळीवर वर्षभर पडून असलेली तशीच दुसरी द्यायची. माणूस खूश होऊन जायचा. सगळ्या काळ्या छत्र्या सारख्याच!

म्हणूनच लग्नानंतर चौथ्या महिन्यात मी सासूबाईंना सांगितलं की, तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला निर्धास्त जा, माझ्या ताब्यातली वस्तू हरवत नाही.

वस्तू म्हणजे त्यांचं देवगांडूळ. हातभर लांब, काळं, मिटलेल्या ओल्या छत्रीसारखं चकचकीत. साप नव्हे, गांडूळ तर नव्हेच. सासूबाईंच्या मते ते बेडकांच्या नात्यातलं होतं, आणि त्या कधी चुकत नसत. त्याला पाय नव्हते, डोळे नावापुरते. पण पाण्यात खाऊ टाकला की वासावर असं अचूक यायचं, की मी बघतच राहायचे. मधूनमधून नाकाचं टोक वर काढून श्वास घ्यायचं आणि पुन्हा रेशमासारखं खाली उतरायचं. सासूबाई शिवणकाम करायच्या. त्याची काचेची टाकी मशीनशेजारी होती आणि त्या त्याला ‘फीत’ म्हणायच्या. सासरे गेल्यापासून नऊ वर्षं त्या मशीन चालवता चालवता तिच्याशीच बोलत आल्या होत्या.

त्या इस्पितळात गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो टाकीत फीत नाही. पाण्यावर फक्त एक पातळ, पारदर्शक कातडं तरंगत होतं. म्हटलं, एवढंच उरलं!

उरलेली फीत मी मशीनखाली शोधली, चिंध्यांच्या गाठोड्यात शोधली, चपलांच्या कपाटात शोधली. आमचे हे खुर्चीवर उभे राहून मार्गदर्शन करत होते. मग त्यांना आठवलं की, पंधरा दिवस रडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

“आई रडली तर टाके जातील,” ते खुर्चीवरूनच म्हणाले. “टाक्यांबरोबर डोळाही जाईल.”

शिवणाऱ्या बाईचा डोळा! मी तडक शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात गेले. त्याच्याकडे अगदी तसंच एक होतं. जरा लांब वाटतंय, असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, सगळी सारखीच असतात हो. हे माझंच वाक्य होतं, म्हणून मला पटलं.

दुसऱ्याच दिवशी सासूबाई दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून घरी आल्या. आधी साबण न लावता हात धुतले, मग एक हात टाकीत घातला. नवं देवगांडूळ आलं, बोटांना हुंगून मनगटाभोवती फिरलं. सासूबाईंनी दुसरा हातही पाण्यात घातला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत मोजली, मग दुसरी.

“ही चार बोटं जास्त लांब आहे,” त्या म्हणाल्या. “माझी कुठे आहे?”

“आई, तुमच्या डोळ्यांवर पट्टी आहे ना, म्हणून...”

“पट्टी बोटांवर नाही.”

मग, रडायचं नाही, असं आधी बजावून मी सगळं सांगून टाकलं. आगारातल्या सवयीने ते कातडं मी पाकिटात घालून वर तारीख टाकून ठेवलं होतं. ते त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते कापड पारखावं तसं चिमटीत धरून पाहिलं.

“अगं, कात आहे ही. फिल्टरच्या डब्यात पाहिलंस?”

घरातली झाडून सगळी कपाटं पाहिली होती. टाकीतल्या कोपऱ्यातला तो डबा तेवढा राहिला होता. ह्यांनी हात पुरता लांबवून झाकण उघडलं. आत स्पंजावर फीत वेटोळं घालून बसली होती, नवी कोरी, नाकाचं टोक पाण्याबाहेर.

“कात टाकली की तिला दोन दिवस माणसं नको असतात,” सासूबाई म्हणाल्या. “भलतीच शहाणी आहे.”

मी त्यांचे पाय धरायला वाकले.

“राहू दे. लग्नाआधी मी तुझ्या खिडकीतून काळी छत्री नेली होती, आठवतं?”

न आठवायला काय झालं? तिथेच त्यांनी मला पाहिलं आणि पुढच्या आठवड्यात मुलासाठी विचारायला आल्या.

“ती माझी नव्हती.”

“मग घेतलीत कशाला?”

“तू इतक्या तोऱ्यात दिलीस, म्हटलं, ही पोर आपल्या घरात हवी. शिवाय माझ्या छत्रीच्या काड्या मोडल्या होत्या.”

दोन्ही देवगांडुळं पुढे कितीतरी वर्षं एकत्र नांदली. मी मात्र त्याच दिवशी दारामागची ती छत्री काढून नीट पाहिली. दांड्यावर ठसठशीत अक्षरांत कुणाचं तरी पूर्ण नाव कोरलेलं होतं.