मेश्रामांचा मीटर

आमच्या सोसायटीतले मेश्राम गाडी चालवताना रस्त्याकडे कमी बघतात आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे जास्त. पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटतं, आपल्या तोंडाला काही लागलंय. तो तोंड पुसतो. मेश्राम आणखी निरखून बघतात. तेवढ्यात समोर बस येते, माणूस ओरडतो, आणि मेश्राम खूश होऊन म्हणतात, "हां, असं सांगत जा न जी."

मी त्यांच्या शेजारी बसते. अजून जिवंत आहे म्हणून लिहिते.

आधी माझं सांगते. मी चौथी शिकले. जन्मभर मंडईत भाजी विकली, उन्हाळ्यात कलिंगडं विकली. आता गाळा पुतण्या बघतो आणि मी कात्रजला मुलाकडे राहते. दर गुरुवारी मंडईत जाते, पुतण्याने काय काय बिघडवलंय ते बघायला.

मेश्राम नागपूरकडचे. तरुणपणी नोकरीसाठी पुण्यात आले, इथेच म्हातारे झाले, पण बोली बदलली नाही. "तुमची पुण्याची भाषा बहुत चोपडी हाय बाई. पाय घसरते." भेटले की जय भीम, आणि जय भीमला लागूनच गाडीचं बोलणं. कारखान्यात ते लोखंड ठोकायच्या खात्यात होते. तिथल्या घणांनी कान गेले. कानाचं मशीन आहे, मुलीने घेऊन दिलेलं. ते शर्टाच्या खिशात असतं. मी एकदा म्हटलं, "मेश्राम, तुमच्या खिशाला आता छान ऐकू येत असेल." त्यांनी हसून मान हलवली. ऐकू आलंच नव्हतं.

आणि असा हा माणूस दिवसातून चारदा सांगणार, "इंजिन बोलते बाई. ऐकणारा पायजे."

त्यांची गाडी म्हणजे पूर्वी टॅक्सीला असायची तसला डबा. एक दार जोरात लावलं तर दुसऱ्या बाजूचं उघडतं. ही गाडी इतकी वर्षं चालली ती वच्छलाबाईंमुळे. वच्छलाबाई त्यांची बायको, माझी मैत्रीण. मांडीवर पिशवी, पिशवीत डाळिंबं नाहीतर लोकर, आणि एक हात मोकळा. इंजिन ओरडायला लागलं की ती नवऱ्याच्या गुडघ्यावर टिचकी मारायची. टिचकी म्हणजे पुढचा गिअर. चिमटा म्हणजे मागचा. लोकांना वाटायचं, या वयात काय हे चाळे. चाळे नव्हते, गाडी चालली होती.

वच्छलाबाई गेली. काही दिवसांनी मेश्राम एका सकाळी एकटेच गाडी घेऊन कात्रजच्या घाटाला निघाले. जाताना सगळा घाट दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन किंचाळत होतं, मागचे हॉर्न मारत, हातवारे करत होते. मेश्रामांना वाटलं, लोकांना जुन्या गाडीचं कौतुक आहे. ते खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना नमस्कार करत वर गेले. वर पोचले तेव्हा बॉनेटमधून धूर येत होता. टेम्पोने गाडी खाली आणली.

सगळे म्हणाले, भंगारात द्या. नागपूरची मुलगी फोनच्या व्हिडिओवर म्हणाली, "बाबा, गाडी विका आणि इकडे या." मेश्राम म्हणाले, "पाहू ना." त्यांचं "पाहू ना" म्हणजे नाही. त्यांनी सोसायटीच्या मागच्या सलीमच्या गॅरेजमध्ये गाडी दिली, दुसऱ्या एका गाडीचं नव्या धर्तीचं इंजिन तिच्यात बसवून घेतलं, आरटीओचे कागदही करून आणले.

मग वाद सुरू झाला. सलीम म्हणाला, "काका, हे इंजिन जुन्यासारखं धडधडत नाही. हादरे देत नाही, नुसता आवाज चढतो, आणि तुम्हाला कळायच्या आत तापतं. आरपीएम मीटर लावून घ्या, इंजिन किती जोरात फिरतंय ते दाखवतो. काटा वर गेला की गिअर बदला, विषय संपला."

"कायले पायजे?" मेश्राम म्हणाले. "मले का शर्यत लावाची हाय?"

पार्किंगमध्ये आठवडाभर हाच विषय. चेअरमन म्हणाले, रस्त्यावर चालवायच्या गाडीला असले मीटर म्हणजे पोरकटपणा, ते शर्यतवाल्यांचं काम. माझा मुलगा मोबाईलवर काहीतरी वाचून आला आणि म्हणाला, इंजिन बदललं की मीटर लावायलाच पाहिजे, जुना डॅशबोर्ड नव्या इंजिनाला ओळखत नाही. दोघेही तावातावाने भांडले. दोघांच्याही गाड्या गिअर आपोआप बदलणाऱ्या. ज्याची गाडी होती तो मध्ये उभा राहून आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत होता. मशीन खिशात.

नंतर काही दिवस गाडी गॅरेजलाच होती. एका गुरुवारी मेश्राम माझ्या दारात आले.

"बाई, मंडईत जाता ना? चाला."

"मला मरायचं नाही अजून."

"तुमी बसा नुसतं. इंजिन ओरडलं का मले सांगा."

"मला गाडीतलं काही कळत नाही."

"कलिंगडातलं कळते ना? टिचकी मारून सांगता ना, पिकलं का नाही? इथं उलटं करा. आधी ऐका, मंग टिचकी मारा."

बसला गर्दी असते आणि माझे गुडघे वाईट. म्हणून गेले. पण एक अट घातली. परक्या पुरुषाच्या गुडघ्यावर टिचक्या मारायचं माझं वय नाही, आणि वय होतं तेव्हाही मी असलं काही केलं नाही. मी छत्री वापरणार. मेश्रामांना अट मान्य होती. दंडावर छत्रीचा एक ठोका म्हणजे पुढचा गिअर, दोन म्हणजे मागचा. येताना छत्री पिशवीखाली जायची, मग हाताला येईल ती शेवग्याची शेंग. शेंग छत्रीपेक्षा बरी. लागत नाही आणि कळतं.

सुरुवातीला चुका झाल्या. एकदा शेजारच्या स्कूटरचा आवाज आमचा समजून मी त्यांना चौथ्यात घालवलं आणि गाडी भर चौकात धक्के देऊन बंद पडली. मेश्राम रागावले नाहीत. उलट म्हणाले, "वच्छला बी आधी अशीच चुके." मग सबंध रस्ताभर वच्छलाबाईच्या चुका सांगत बसले. कुठल्या चौकात काय चुकली, कुठे चिमटा जोरात लागला, कुठे ती झोपली आणि हे पहिल्यातच स्वारगेटपर्यंत गेले. मी म्हटलं, "पुढे बघा." ते माझ्या तोंडाकडे बघून "काय म्हन्ता?" म्हणाले.

गाडीत माझ्या गुडघ्याशी डॅशबोर्डखाली दोन वायरी लोंबकळत असत, काळी चिकटपट्टी गुंडाळलेल्या. चढताना उतरताना लुगड्यात अडकायच्या. मी म्हणायचे, "ह्या कापून टाका." ते म्हणायचे, "पाहू ना."

एकदा स्वारगेटला पोलिसाने थांबवलं. मी शेंगेने दोन ठोके जरा जोरात मारले होते.

"आजी, काकांना का मारताय?"

"मारत नाही. मी मीटर आहे."

"कसला?"

"इंजिनाचा."

पोलिसाने शेंगेकडे बघितलं. मेश्रामांकडे बघितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. पोलीस म्हणाला, "मग जरा डॅशबोर्डवर चढून बसा, म्हणजे काका पुढे तरी बघतील." आणि सोडून दिलं. पुण्याचा पोलीस दंड विसरेल, टोमणा विसरत नाही.

असं बरं चाललं होतं. मग डॉक्टर म्हणाला, गुडघा बदलावाच लागेल. मुलाने तारीख घेतली. मी मेश्रामांना सांगितलं तेव्हा त्यांना नीट कळावं म्हणून तोंड मोठं करून सांगितलं. ते माझ्या गुडघ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नवीन गुडघा बसवनार? म्हन्जे तुमाले मंग बसमधी चढता येईन."

"येईल," मी म्हटलं.

"चांगलं हाय," म्हणाले, आणि गाडीवरची नसलेली धूळ फडक्याने पुसत बसले.

मला काळजी दुसरीच होती. मी खाटेवर आणि हा माणूस पुन्हा दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढणार. हेही इंजिन जाणार, मुलगी येऊन गाडी विकणार, आणि यांना उचलून नागपूरला नेणार. तिथे हा माणूस कोणाच्या तोंडाकडे बघणार? म्हणून मी काठी टेकत सलीमच्या गॅरेजमध्ये गेले. म्हटलं, "त्यांना विचारू नकोस. सरळ तो मीटर बसव."

सलीम हात पुसत हसला. "आजी, मीटर गाडीतच आहे. डिकीत, स्टेपनीखाली."

"डिकीत काय करतोय?"

"काकांच्या मुलीने, ताईंनी, नागपूरहून पाठवला होता. पार्किंगमध्ये तुमचा वाद झाला ना, त्यानंतर लगेच मी लावला. काकांनी चालवून बघितली, एक गिअर चुकला नाही. बघून चालवतात ना, मस्त जमलं. चार दिवसांनी आले आणि म्हणाले, काढ. तुमच्या पायाशी त्या वायरी आहेत ना, त्याच्याच आहेत."

"काढ का म्हणाले?"

"मीपण विचारलं. म्हणाले, हा नुसता दाखवते. बोलत नाही."

मी तिथे टायरवर बसले. गुडघा दुखत होता म्हणून.

चार दिवसांनी मीटर काढला, आणि त्यानंतरच्या गुरुवारी माझ्या दारात. म्हणजे मी छत्रीने आणि शेंगेने ज्याला शिकवत होते, त्याला ते येत होतं. मला राग यायला हवा होता. आला नाही. शेंगा वाया गेल्या नव्हत्या, त्यांची आमटी झालीच होती.

"बसव," मी सलीमला म्हटलं. "मी बरी होईपर्यंत तरी. मी सांगितलं म्हणून सांग."

ऑपरेशन झालं. मेश्राम दवाखान्यात रोज यायचे, गाडी घेऊन, कोणी शेजारी नसताना. सलीम म्हणाला, इंजिन लोण्यासारखं चाललंय. मेश्राम खाटेशेजारी बसायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे. मी झोपल्याचं सोंग केलं तरी बघायचे. गाडीचं विचारलं की म्हणायचे, "चालते." बास. जो माणूस गाडीवर तासभर बोलायचा तो "चालते" म्हणून गप्प.

नव्या गुडघ्याने मी जिना उतरले तो दिवस गुरुवार होता. बसस्टॉप आमच्या फाटकासमोर आहे. बस उभी होती, रिकामी होती, आणि गुडघा बसमध्ये चढण्याजोगा झाला होता. मेश्राम पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभे होते. त्यांनी मला हाक मारली नाही. बसकडे बघितलं, माझ्या गुडघ्याकडे बघितलं आणि फडकं काढून काच पुसायला लागले. ती आधीच पुसलेली होती.

मी बसला जाऊ दिलं. बसचं तिकीट कशाला काढायचं, घरची गाडी असताना.

आत बसले. वायरी लुगड्यात अडकल्या नाहीत. डॅशबोर्डवर मीटर होता, गोल, वाटीएवढा. पण त्याच्यावर रुमाल टाकलेला होता. लोकरीचा, कडेला जाळी विणलेला, वच्छलाबाईच्या हातचा. खाली काटा हलतो की नाही, काही दिसत नव्हतं.

मेश्रामांनी गाडी सुरू केली, पहिला टाकला आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

इंजिन ओरडायला लागलं. गाडी फाटकाबाहेर आली होती. मी रुमालाचं वर सरकलेलं टोक नीट खाली ओढलं, छत्री उचलली आणि त्यांच्या दंडावर ठोका दिला.

"बघताय काय? दुसरा टाका."