विहिरीतला हिरवा उजेड

भर दुपारी मारोतराव पाटलांनी अंगावर तांब्या ओतला आणि उन्हात त्यांचं अंग हिरवं चमकायला लागलं. मिशा तर अशा उजळल्या, की समोरचा बैल दावं तोडून पळाला. पाटलांनी बादलीत डोकावून पाहिलं. पाणी हिरवं होतं आणि आतून दिवा लावल्यासारखं दिसत होतं.

सारं गाव विहिरीवर जमलं. खाली जिथं उन्हाची तिरीप पोचत होती, तिथं एक हिरवा गोळा संथ हलत होता. वाऱ्याचा पत्ता नव्हता. दोर आपोआप हलला, असं दोघांनी शपथेवर सांगितलं. पाटलांनी काठावर लिंबू कापलं आणि विहीर झपाटल्याचं जाहीर केलं.

खरी गोष्ट साधी होती. ते एकसष्ट साल. आदल्या पावसाळ्यात पांढरकवड्याच्या त्या भागात पटकीनं माणसं नेली होती. रोग कुठल्या पाण्यातून कुठं जातो हे शोधायला एक केमिस्ट आणि एक इंजिनिअर मिळून आले होते. जमिनीखालच्या वाटा इंजिनिअरनं आखल्या, उन्हात चमकणारा रंग केमिस्टनं बनवला. तीन दिवसांपूर्वी तो त्यांनी बौद्ध वस्तीच्या उथळ विहिरीत ओतला आणि तिथं हजर असलेल्या रुखमाबाईंना तो विषारी नसल्याचं समजावलं. गावाला कळवायचं तेवढं राहिलं. कळवणं इंजिनिअरचं काम, असं केमिस्टला वाटलं. रंगाबद्दल केमिस्टनंच बोलावं, असं इंजिनिअरला. दोन शास्त्रं एकत्र आली की असं व्हायचंच.

रुखमाबाईंना घोर होता तो पाण्याचा. वस्तीची विहीर चैतात तळाला जायची. कायदा काही म्हणो, गावच्या विहिरीत वस्तीला कोणी दोर सोडू देत नसे. सून जया सात महिन्यांची गरोदर, आणि तिला रोज कोसभर लांब नाल्यावर जावं लागे.

दोन्ही साहेब धापा टाकत आले. "पाटील, भूत नाही. वस्तीच्या विहिरीतला रंग इथं आलाय. दोन्हीकडे पाणी एकच आहे."

पाटलांनी मनात हिशेब केला. भूत नसेल, तर आजोबांपासून सगळं घराणं वस्तीचंच पाणी पीत आलं होतं. त्यापेक्षा भूत परवडलं.

"भूतच हाय," ते म्हणाले. "साहेब, तुमाले त्यातलं काय समजते? या काठावर कोनी पाय ठेवाचा नाही."

त्यानंतर चौथ्या दिवशी रंग गेला आणि पाणी नितळ झालं. पण जाहीर केलेलं भूत मागं कसं घेणार? काठावर चिटपाखरू फिरकेना. कोसभर लांबच्या नाल्यावरून आणलेलं पाणी पुरेना, आणि घरोघरचे रांजण कोरडे पडले.

पाचव्या सकाळी रुखमाबाई जयाला घेऊन सरळ विहिरीवर चढल्या. त्यांनी दोर सोडला. खालून कोणीतरी हुंकार द्यावा तसा आवाज घुमला आणि लांब उभ्या लोकांच्या अंगावर काटा आला. रुखमाबाईंना अडवायचं तर काठावर पाय ठेवावा लागला असता.

"बाई, झपाटली हाय थे," पाटील लांबूनच म्हणाले.

"असू द्या. दीक्षा घेतली तवाच आमी भुतंखेतं सोडली."

त्यांनी पहिला पितळी गुंड भरून जयाजवळ ठेवला. मग दुसरा. वस्तीतल्या बाकीच्या बायाही गुंड घेऊन येताना दिसू लागल्या. पाटलांचे ओठ सुकले होते.

"रुखमाबाई," शेवटी ते हळूच म्हणाले, "एक गुंड आमालेबी काढून देजा."

"देतो," त्या दोर ओढत म्हणाल्या. "पह्यले वस्तीचे भरू द्या."