समोरच्याचं नाव

राउटरला हात लावण्याआधी सलीमभाई पलीकडच्या टोकाला फोन करत आणि विचारत, "जेवलात का?" सकाळचे साडेनऊ असले तरी हेच.

आमच्या कंपनीचं ऑफिस नाशिकला, कारखाना सिन्नरला. दोन्हीकडे एकेक राउटर आणि त्यांच्यातून कॉम्प्युटर जोडणारी एकच लाइन. सलीमभाई तिचे सर्वेसर्वा. "ही लाइन दोघांचीच असते, बेटा," ते म्हणत. "तिसरा कुणी नाही. म्हणून दोघांनी एकमेकांना नावानिशी ओळखायचं." पासवर्ड फोनवर सांगताना ते गावं वापरत: "पी पिंपळगावचा, ओ ओझरचा." पासवर्डात एक्स कधीच नसे. "जिल्ह्यात एक्सचं गाव नाही!"

नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात मी नाशिकमध्ये बसून सिन्नरच्या राउटरची सेटिंग बदलली. तिथे समोरच्याचं, म्हणजे नाशिकचं, नाव लिहायचं असतं. मी सिन्नरचंच लिहिलं. दोन्ही राउटरांनी एकमेकांना ओळखच दाखवली नाही. लाइन पडली आणि चूक सुधारायचा रस्ताही तिच्यासोबत गेला. कारखान्याचे गेटपास याच लाइनवरून निघत, ते निघेनात; मालाचे टेम्पो फाटकात अडकले. साहेब सगळ्यांदेखत ओरडले, "हिला कुणी हात लावू दिला?"

"मी," सलीमभाई म्हणाले. "चल बेटा, सिन्नर."

एसटीत मी रडत होते. त्यांनी खिडकीची जागा मला दिली.

कारखान्यात त्यांनी केबल राउटरला जोडली, लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः हात मागे बांधून उभे राहिले. साहेबांचे फोनवर फोन. "होतंय साहेब, ती करतेय," एवढंच ते सांगत. मी जुनं नाव काढलं, नाशिकचं लिहिलं, पासवर्ड पुन्हा टाकला. क्षणभर काहीच नाही. मग लाइन उभी राहिली आणि बाहेर पहिल्या टेम्पोनं हॉर्न दिला.

परतताना मी विचारलं, "तुम्ही पाच मिनिटांत केलं असतं. मला का बसवलंत?"

"माझ्या पहिल्या नोकरीत माझ्याकडूनही लाइन पडली होती. तिथल्या साहेबांनी मला खुर्चीवरून उठवलं. पुढे दोन वर्षं नुसत्या केबल ओढल्या. घरी मात्र बायकोला सांगायचो, आज तीन लाइन चालू केल्या." ते जरा हसले. "ती बिचारी शेजारणींना सांगत फिरायची. ती वारली, पण तिला खरं कधी सांगितलंच नाही मी."

नाशिकचा द्वारका चौक आला. उतरताना त्यांनी विचारलं, "घरी काय सांगशील?"

"लाइन मी पाडली. आणि मीच चालू केली."

"हां," ते म्हणाले. "असंच सांग."