गाडीच्या दारातली बातमी

भोकं भरण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. बावीस वर्षं वर्तमानपत्राच्या कचेरीत तेच करतोय. पानावर जागा रिकामी राहिली, की दहा मिनिटांत ती भरायची आणि पान छपाईला सोडायचं. त्यामुळे बाबांच्या गाडीचं डावं दार खालून गंजलं, तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही.

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. गाडी तेव्हापासून उभीच होती. पत्रेवाल्याने दाराला बोट लावलं, ते थेट आत गेलं. पत्रा कापून नवा जोडावा लागेल, असं म्हणून त्याने जो खर्च सांगितला, त्यात दुसरी जुनी गाडी आली असती. मी घरीच करायचं ठरवलं. गेल्या वर्षी नळ दुरुस्त करतानाही तुझा चेहरा असाच होता, एवढंच बायको म्हणाली.

शनिवारी गंज खरवडला. तळहाताएवढं भोक पडलं. थिनरने कडा पुसल्या, पुट्टी लावली, ती आत पडली. मागून आधार हवा होता. घरात आईच्या स्टुलावर एक जुना पेपर घडी करून ठेवलेला होता. थिनरच्या ओल्या हातांनीच त्याचा बोळा केला आणि भोकात कोंबला. वर पुट्टी, मग घासकाम, मग रंग. रविवारी दुपारी ते दार म्हाताऱ्याच्या तोंडातल्या एकुलत्या नव्या दातासारखं चमकत होतं.

आई बाहेर आली, तिच्या मागोमाग बायकोही. दाराकडे तिने पाहिलंही नाही.

"माझा पेपर कुठंय?"

कुठला, ते मला एकदम आठवलं. त्यात बाबांच्या निधनाची बातमी होती. मीच लिहिलेली. कचेरीत त्या दिवसाचे अंक पडून आहेत, उद्या दहा आणतो, असं मी घाईघाईने सांगितलं.

"ते नकोत. माझ्या पेपरात मी दुरुस्ती केली होती."

"कसली?"

"यांचं वय चुकवलंस तू."

आठ महिने ती याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. रोज अंघोळीनंतर चष्मा लावून तो पेपर उघडायची, आणि माझी भाषा तिला आवडली असावी, असा माझा समज होता.

मी हातोडी आणली. दोन दिवसांचं काम चार घावांत निघालं, सोबत आणखी वीतभर पत्रा. बोळा अलगद उलगडला. बाबांचा फोटो पुट्टीखाली गेला होता. आईने बॉलपेनने लिहिलेला आकडा थिनरने साफ पुसून टाकला होता. छापलेला आकडा मात्र ठसठशीत होता.

आईने कागद पाहिला. मग पेन माझ्यापुढे धरलं.

"आता तूच दुरुस्त कर."

मी पेन घेतलं, कागद गाडीच्या टपावर सपाट केला, चुकीच्या आकड्यावर काट मारली आणि बायकोकडे झुकून हळूच विचारलं, "नक्की किती होतं गं?"