कृष्णाबाईंचं नाक आणि नऊचं अ‍ॅव्हरेज

गाडीने लिटरला नऊचं अ‍ॅव्हरेज दिलं त्या दिवशी कृणालने आधी आकडेमोड तपासली, मग पंपवाल्याच्या सचोटीवर शंका घेतली आणि शेवटी आईला वजनकाट्यावर उभं केलं.

"कशाला रे?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"लोड बघतोय, आये. लोड वाढला की पेट्रोल खाते गाडी."

"मंजे मी लोड?"

"तू एकटी नाही गं. तू, बर्फ आणि सुरमई मिळून."

कृष्णाबाई रोज खारदांड्याहून तीन क्रेट मासे घेऊन अंधेरीच्या बाजारात बसायच्या. आधी त्या चार बायकांबरोबर टेम्पोने जात. पण कृणालचं ऑफिसही अंधेरीलाच, तेव्हा त्याने हट्टाने जुनी गाडी घेतली आणि आईला टेम्पो सोडायला लावला. आता ती गाडी पूर्वीच्या दुप्पट पेट्रोल पीत होती आणि टेम्पोतल्या बायका रोज सिग्नलला काच खाली करून "काय गं, पोचलीस का पंपावर?" असं विचारत होत्या.

"रविवारपर्यंत हिची भूक कमी झाली नाय," कृष्णाबाई काट्यावरून उतरत म्हणाल्या, "तर गाडी इकायची. समजला?"

कृणालला समजलं. तो स्वतःच्या अंगाला लावत नसे तो शाम्पू गाडीला लावायचा. त्याने मोहीमच उघडली.

सोमवारी आईला आणि माशांना घरी ठेवून तो रिकामी गाडी घेऊन गेला. अ‍ॅव्हरेज नऊच. कृष्णाबाई निर्दोष सुटल्या, पण बाजार बुडाल्यामुळे दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्या दोन दिवसांत घरात सकाळ-संध्याकाळ सुरमई होती. मंगळवारी त्याने टायरमध्ये हवा भरली, बुधवारी एअर फिल्टर बदलला. गुरुवारी त्याने वाचलं की एसीने पेट्रोल जास्त जळतं, म्हणून एसी बंद केला. मग वाचलं की उघड्या खिडक्यांमुळे वारा अडतो आणि त्यानेही पेट्रोल जळतं, म्हणून खिडक्याही बंद केल्या. महिना मे होता. अंधेरी येईपर्यंत बांगडे आणि कृणाल यांच्यात फारसा फरक उरला नाही. बांगडे निदान बर्फात होते.

शुक्रवारी त्याने मोबाइलला जोडायचा स्कॅनर मागवला. स्कॅनरने सगळी गाडी तपासून जाहीर केलं की दोष नाही.

शनिवारी तो आईला घेऊन थेट शिवदासच्या गॅरेजमध्ये गेला.

"मशीन म्हणतंय गाडी निरोगी आहे," तो शिवदासला मोबाइल दाखवत म्हणाला. "म्हणजे प्रॉब्लेम दुसराच काहीतरी—"

"कच्चं हाय," मागून आवाज आला.

कृष्णाबाई चालू गाडीच्या सायलेन्सरपाशी वाकून उभ्या होत्या.

"काय कच्चं?"

"पेट्रोल. शिजलंच नाय. तसंच भाईर येतंय."

"आये, बाजूला हो ना यार. लोक बघतायत."

शिवदास हसला. मग त्याने सहज सायलेन्सरमध्ये बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट झालं आणि हसू थांबलं. त्याने आपलं मोठं मशीन जोडलं, बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं.

"ही रेष बघ. ऑक्सिजन सेन्सरची आहे. वर-खाली नाचायला पाहिजे, ही झोपलीय. हा सेन्सर धुराचा वास घेऊन इंजिनला सांगतो, पेट्रोल जास्त झालं की कमी. याने सांगणंच सोडलंय, म्हणून इंजिन आपलं ओततंय."

"मग डॅशबोर्डवरचा दिवा का नाही लागला?"

"पूर्ण मेला असता तर लागला असता. हा कामावर येतो, सही करतो आणि बसून राहतो."

कृणालला ऑफिसातले तिघे आठवले.

शिवदासने नवा सेन्सर बसवला. मग हळूच म्हणाला, "मावशी, जरा त्या टॅक्सीचं बघता?"

कृष्णाबाईंनी पदर सावरला, वाकल्या. "ऑइल जळतंय."

"आणि ही पांढरी?"

"हिचा फिल्टर बदललेला नाय. नुसता पुसून परत लावलाय."

"अहो, कालच तर सर्व्हिसिंग केलं!" पांढऱ्या गाडीचा मालक ओरडला. शिवदास एकाएकी पाना शोधायला आत गेला, कारण सर्व्हिसिंग त्यानेच केलं होतं.

आतून येताना त्याने खुर्ची आणली. असं नाक आपल्यावर रोखलेलं असण्यापेक्षा आपल्या बाजूने असावं, हे त्याला कळलं होतं. संध्याकाळपर्यंत गॅरेजबाहेर नऊ गाड्यांची रांग लागली.

"नक्की ना मावशी?" एकाने विचारलं.

"पटत नसंल तर फुडं बग. उगाच हात लावून ठेवू नको."

रविवारी गाडीने सतराचं अ‍ॅव्हरेज दिलं. कृणाल धावतच घरी आला. "आये, सतरा! आता विकायची नाही ना?"

"येडा काय तू? मना रोज गॅरेजला जावाला गाडी लागंल ना."

"रोज? आणि मासे?"

"तू बस."

"आणि माझं ऑफिस?"

"तिथं तू नसलास तर कोनाला कळनार हाय?"

कृणालने सोमवारपासून रजा टाकली. कोणाला कळलं नाही.

बुधवारी बाजारात एका बाईंनी पापलेटचा कल्ला उघडून विचारलं, "ताजं आहे ना?"

कृणालने पापलेट नाकाशी धरलं. गेल्या गुरुवारच्या त्या बंद खिडक्यांच्या प्रवासानंतर त्याला सगळ्याचा एकच वास यायचा. खोटं बोलवेना. "ते आईच सांगेल," तो म्हणाला. "पुढच्या सिग्नलला गॅरेज आहे, तिथे बसते."

बाईंनी पापलेट पिशवीत घातलं आणि तडक गॅरेज गाठलं. पुढे स्कूल बस, मागे पाण्याचा टँकर, मध्ये त्या. नंबर अकरावा लागला.

चिठ्ठी फाडता फाडता शिवदासने मान वर न करता विचारलं, "पेट्रोल की डिझेल?"