मल्हारी अण्णांचा व्हाइटनर

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते, की आमचे शेजारी मल्हारी अण्णा यांनी परवा बसवकल्याणच्या बाजारात, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत असताना, व्हाइटनरची बाटली विकत घेतली. मी शेजारीच उभा होतो. बाटली खिशात घालताना त्यांनी असं मागेपुढे पाहिलं, की आपण नक्की काय विकलं, अशी दुकानदारालाच शंका आली.

यात गंभीर काय, हे कळायला आधी अण्णा कळायला हवेत. मूळचे राजेश्वर गावचे, धनगराच्या घरातले. आजोबा मेंढरं राखायचे, अण्णा कागद राखतात. हुमनाबादकडच्या औषधांच्या कारखान्यात गोळीचं वजन किती भरलं, ड्रायर किती तापला, हे जागच्या जागी लिहावं लागतं, आणि ते कागद अण्णांच्या नजरेखालून गेल्याशिवाय गोळी गेटबाहेर पडत नाही. मी पॅकिंगला. आमची गल्ली एक, कारखान्याची बस एक, त्यामुळे माझी सुटका नाही.

अण्णांचा कायदा सोपा आहे. चुकलं तर एकच आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही, तारीख आणि कारण. "चुक ना बाबा, कितीबी चुक," ते म्हणतात, "पर झाकू नको." एकदा प्रयोगशाळेच्या ड्रॉवरमध्ये त्यांना व्हाइटनर सापडला. हातमोजे घालून, ट्रेमध्ये ठेवून त्यांनी त्या बाटलीची साऱ्या विभागांतून मिरवणूक काढली.

मशिनवरच्या सिद्रामने घाईत गोळीचं वजन तळहातावर लिहिलं, तेव्हा तर कहरच झाला.

"हात कामून धुवायलास? मूळ नोंद हाय ती."

"अण्णा, जेवायचंय की."

"जेव. धुवू नको."

झेरॉक्सवाला जेवणाच्या सुट्टीवर गेला होता. तो येईपर्यंत सिद्राम हात वर धरून बसला आणि त्याला भाकरी मी भरवली. मग तळहात काचेवर दाबून झेरॉक्स निघाली, खाली सही झाली, आणि सिद्रामची आयुष्यरेषा त्या बॅचच्या रेकॉर्डला कायमची जोडली गेली.

बोलतानाही तेच. "काल लातूरला गेल्तो... खोडलं. उदगीर. कारण, घाई."

आता शुभांगी. अण्णांची एकुलती एक मुलगी, बीदरला नर्स. लग्न झालं, मोडलं, परत आली. पुन्हा स्थळं बघायला घेतली तेव्हा बायोडाटा अण्णांनी स्वतः लिहिला. त्यात उंची पाच फूट तीन इंच खोडून दोन इंच केलेली. शेजारी सही, कारण: 'आधीची मोजणी चपलेसकट'. आणि खाली ठसठशीत ओळ: 'पहिला विवाह झाला होता, मोडला.'

दोन स्थळांनी त्या ओळीपर्यंत वाचून कागद हातात परत दिला. आमच्याकडे कागद परत आला की समजायचं, विषय मिटला. चहासुद्धा अर्धा राहतो. दुसऱ्या वेळी ते अर्धे कप उचलून शुभांगी आत गेली, ती गप्पच झाली. ड्युटीवर जायची, यायची, विचारलं तर मान हलवायची. पूर्वी बापाच्या वरताण बोलणारी पोरगी.

म्हणून तो व्हाइटनर.

रविवारी उदगीरचे लोक आले. मुलगा, त्याची आई, मामा. अण्णांनी पंखा वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. दारापर्यंत जाऊन आले. उगाच खिडकी लावली, उघडली.

"अण्णा, बसा की," मी म्हणालो.

"बसायलोच की," म्हणत ते उभेच.

मामांनी बायोडाटा उजेडाकडे धरला. "हितं पांढरं काय हाय वो?"

आयुष्यभर हा प्रश्न अण्णांनी दुसऱ्यांना विचारलेला. मामांनी कागद आणखी जवळ नेला. पांढऱ्या डागाशेजारी बारीक अक्षरात सही होती. तारीख होती. सवयीचा हात, तो थांबणार कसा?

"कारण," मामा सावकाश वाचू लागले, "पोरगी बोलंना झालीय."

चहाचा ट्रे धरून शुभांगी आतल्या दारात उभी होती.

"खाली पहिलं लग्न हाय," अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले. "मोडलेलं. मी झाकलो."

मुलाची आई कागदाकडे नाही, शुभांगीकडे बघत होती. "दादा," ती भावाला म्हणाली, "चहा घे. निवायलाय." मामांनी कागदाची घडी केली. अण्णांनी तो परत घ्यायला हात पुढे केला, पण मामांनी घडी आपल्या खिशात ठेवली आणि कप उचलला.

अण्णांचा हात तसाच पुढे राहिला. आणि इतके दिवस मुकी झालेली शुभांगी ट्रेसकट, साऱ्या पाहुण्यांदेखत बापाला बोलून गेली, "झाकायचं तर झाकायचं, त्याच्यावर सही कोण करतंय वो अप्पा?"