उत्तमभाऊंचा कोरस

या, जवळ सरका. असं उंबऱ्यातून काय ऐकता? आणि तो मोबाइल पालथा घाला आधी. जालन्यात कसला आलाय रेकॉर्डिंग स्टुडिओ, म्हणून मागच्या खेपेला हसले ते तुम्हीच ना? मंग आता ऐका.

आमच्या गल्लीत दिवसातून दोनदा सगळं थांबतं. मिक्सर थांबतो, भाजीवाला ‘मेथी’ अर्धी गिळतो, मी फोडणीची मोहरी मुठीत धरून उभी राहते. समोरच्या खिडकीतून उत्तमभाऊंचा हात बाहेर आलेला असतो. “आक्का, अर्धा मिनिट!”

गाण्याआधी ते अर्धा मिनिट नुसत्या खोलीचं रेकॉर्डिंग करतात. कुणी हलायचं न्हाई. मंग कम्प्युटर तेवढा खोलीचा आवाज ओळखून गाण्यातून काढून टाकतो म्हणे. मी एकदा विचारलं, “भाऊ, काहीच नसलेलं कशाला भरून घेता?”

“काहीच नसलेलं कुठं भेटतं, आक्का? तुमचा कुकर असतो ना त्यात.”

स्टुडिओ म्हणजे त्यांचीच पुढची खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे, त्यावर माझ्या हातच्या सहा जुन्या गोधड्या. पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये कॅसिओ वाजवायचे. आता चाल तेच लावतात, ढोलकी तेच वाजवतात, बसत नसलेला शब्दही तेच बदलतात. भीमगीतं, देवीची गाणी, कव्वाली, हळदीची गाणी, शाळेचं स्वागतगीत, एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कंपनीची जीपवरची जाहिरात, काही म्हणून सोडलं न्हाई. गायला कुणीही येवो, गाणं संपलं की एकच वाक्य, “बराबर. पण पुन्हा एकदा.” माझ्याकडं चहा पिऊन कपही तसाच पुढं करतात. “चहा बराबर. पण पुन्हा एकदा.”

एकदा पेनड्राइव्हची अदलाबदल झाली. पिंपळगाव रेणुकाईच्या मंडळींनी देवीची आरती भरून घेतली होती. ती गेली बियाण्याच्या जीपवर. तीन गावांत लोकांनी चपला काढून जीपला हात जोडले. आणि तिकडं देवळात, ऐन आरतीच्या वेळेला, भोंग्यातून उत्तमभाऊच गरजले, “शेतकरी बंधूंनो, बोंड बघा बोंड!” पुजारीबुवांचा फोन आला तर हे विचारतात, “आवाज साफ आला ना पण?”

त्यांच्या बायकोचं नाव शोभाबाई. कोरसला बायका जमवायच्या कुठून? म्हणून पहिल्या गाण्यापासून शोभाबाईच उभ्या. एकदा खालच्या सुरात, एकदा वरच्या, एकदा मागं सरकून. तिन्ही जोडले की झाल्या तीन बायका. सीडीच्या डब्यावर गाणाऱ्याचं नाव छापून यायचं, खाली ‘कोरस : आणि मंडळी’. ती सगळी मंडळी म्हणजे आमच्या शोभाबाई, हातातलं पीठ पदराला पुसत आलेल्या.

मागच्या साली त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ साधी हाय, पण काढावी लागेल. आवाजाची नस तिथूनच जाते. बहुतेक काही होणार न्हाई, पण सांगून ठेवतो.

त्या ‘पण’नं उत्तमभाऊ पार खचले. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी डबा घेऊन गेल्ते, तर हे कानाला हेडफोन लावून एकेक जुनं गाणं उघडून राह्यले होते.

“काय शोधता, भाऊ?”

“शोभाचा आवाज. सगळीकडं हाय आक्का, अन् कुठंच न्हाई. एकटीचा एकबी न्हाई. शहागडच्या ट्रकवाल्याचा हाय, त्याच्या मेहुणीचा हाय. घरचं माणूस, कवाबी करू म्हणलं.”

मंग उठून माईक शोभाबाईंच्या पुढं आणून ठेवला. त्या दवाखान्याची पिशवी भरत होत्या. “दोन ओळी म्हण. नुसत्या दोन.”

शोभाबाईंनी माईककडं बघितलंही न्हाई. “इतक्या वर्षांत सवड भेटली न्हाई, अन् आज चादरी मोजताना माईक पुढं करून राह्यले? मी काय मरायला चालले का? आल्यावर म्हणीन. आवाज न्हाई राह्यला तर टाळ्या वाजवून भांडीन. सरका, चार्जर कुठं ठेवला?”

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर तसं सांगायला बाहेर आले, तर हे म्हणाले, “बराबर. पण पुन्हा एकदा सांगा.” डॉक्टरांनीही बिचाऱ्यांनी पुन्हा सांगितलं. फक्त आठ दिवस बोलायचं न्हाई.

शोभाबाई पाटीवर लिहायच्या. ‘भात गिच्च झाला’, ‘औषध द्या’, ‘रडू नका’. गल्लीला गप्प करणारा हा माणूस माझ्या पायरीवर येऊन बसायचा. “काहीतरी बोला ना, आक्का. घर लय गप हाय.” मी आपली भोकरदनच्या नणंदेची भांडणं सांगत राहायची.

नवव्या दिवशी सकाळी समोरून आवाज आला, जरा खरबरीत, पण खणखणीत. “आहो, मिठाचा डबा फ्रीजमध्ये कुणी ठेवला?”

मी हातातलं तसंच टाकून धावले. उत्तमभाऊ मिठाचा डबा पोटाशी धरून हसत होते.

पंधरा दिवसांनी शोभाबाई गाणं म्हणायला उभ्या राहिल्या. त्यांच्या आईचं जात्यावरचं गाणं. एकट्या, मधोमध. “कोरसला कोण?” त्यांनी विचारलं. मी, माझी सून, अन् “मी हाय ना,” म्हणून बटण दाबून उत्तमभाऊ मागं येऊन उभे राहिले. ह्या माणसाला जन्मात कुणी गाताना ऐकलं नव्हतं. का, ते तेव्हा कळलं.

भरलेलं गाणं ऐकताना शोभाबाईंनी भुवया वर केल्या. “हे मागं कोण बेसूर हाय?”

माझी सून खाली बघायला लागली. “मी,” उत्तमभाऊ म्हणाले. “थांब, काढून टाकतो.” अन् कम्प्युटरकडं हात पुढं केला.

शोभाबाईंनी तो हात धरला. “राहू द्या.”

ते गाणं त्यांनी मोबाइलवर कुणालाच पाठवलं न्हाई. ऐकायचं तर त्या खोलीत जाऊनच ऐकायचं. म्हणून म्हणते, पुढच्या खेपेला लवकर या. दिवाळीबिवाळीची वाट बघू नका, जेवायलाच या. शोभाबाई दुसरं गाणं बसवून राह्यल्या अन् आम्ही कोरसला तिघंच हाओत. तुमचा आवाज कसाबी असू द्या, उत्तमभाऊंपेक्षा बराच असेल.